कोरड्या बर्फाचा डबा

डबा मांडीवर घेऊन मी ऑटोत बसले.

"यात काय आहे, दीदी?" ऑटोवाल्यानं विचारलं.

"माणसाचं प्रोटीन, बॅक्टेरियात बनवलेलं. हार्मोन याला चिकटतं. त्यावरून कॅन्सरचं औषध शोधून राहिलो आम्ही. बर्फ संपला की सगळं खराब!"

झालं! प्रत्येक स्पीडब्रेकरला तो मागं वळून डब्याकडे बघू लागला. अधारताल चौकातल्या गर्दीत तर अर्धा बाहेर लटकून ओरडला, "हटो भैया, अंदर मरीज है!"

"खोटं काहून बोलता?"

"खोटं कुठं? औषधाची वाट पाहून राहिले ते मरीजच ना!"

लॅबमध्ये झाकण उघडलं. पांढरा धूर भसकन वर आला, बर्फ शिल्लक होता! मी खिडकीतून हात हलवला. खाली ऑटोवाला अजून थांबला होता. हॉर्न वाजवतच सुटला.