आधी कोणाचं जावं

शेजारच्या काकूंची तिरडी बांधून झाली, तरी चेहरा उघडाच ठेवला होता. परदेशातल्या मुलाला मोबाइलवर अंत्यदर्शन घ्यायचं होतं. जावई फोन धरून उभे. पडद्यावर मुलाचा चेहरा अर्धाच उमटला आणि त्यावर बफरिंगचं चक्र गरगरत राहिलं.

"दिसतेय का रे आई?" जावयांनी विचारलं.

चक्र फिरतच होतं.

आमच्या इमारतीला इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा साहेब कालच टीव्हीवर तावातावाने सांगत होता, "सगळ्यांना सारखा वेग देणं आम्हाला परवडत नाही. आमचे कार्यक्रम आधी जाणार. सरकारने यात पडू नये."

यमाच्या दारी रांग नसते म्हणतात. ती वायरीत असते.

गुरुजी म्हणाले, "झाका आता."

समोरच्या घरात त्याच कंपनीची मालिका चालू होती. मालिकेतली आई मुलाच्या मांडीवर, जराही न अडखळता, सावकाश मरत होती.