वर केलेला माईक

आमच्या नामपूरच्या घरात टीव्हीखाली एक जुनं गेम खेळायचं मशीन आहे. त्यावर आमच्या घरात कोणीच कधी खेळलं नाही. ते मी तिथे का नेलं हे सांगायचं तर आईच्या कानांपासून सुरुवात करावी लागेल.

आई दुसऱ्याच्या पिठाच्या गिरणीवर कामाला होती. माझी शाळा, मग सटाण्याचं कॉलेज, मग नाशिकमधली डिग्री हे सगळं त्या गिरणीच्या आवाजात झालं. मी पदवीधर झालो तोपर्यंत तिला समोरच्याचं बोलणंही ओरडून सांगावं लागत होतं. फोनवर तर तिला काहीच कळत नसे. कानाचं मशीन आणलं होतं, पण त्यात सगळं गिरणीसारखंच घरघरतं म्हणून तिने ते डब्यात ठेवून दिलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, कांद्याच्या मार्केटला मापाडी. फोन ते घेत आणि आईचं म्हणणं दोन शब्दांत मला सांगत. "ती म्हणस, जेवत जा." एवढंच.

मला नोकरी लागली ती गंगापूर रोडच्या एका ऑफिसात. दिवसभर कानाला हेडसेट लावून लोकांच्या अडचणी ऐकायच्या, हेच काम. खोलीत सोबत नाशिक रोडचा एक मित्र राहायचा. त्याला गेमचं वेड. त्याने दुसऱ्या कंपनीचं नवीन मशीन घेतलं आणि जुनं मला दिलं. मी खेळणारा नव्हे. पण एकदा त्याचा गेमिंग हेडसेट कानाला लावून बघितला आणि दचकलो. दोन्ही कान पूर्ण झाकले जातात, बाहेरचं काही येत नाही, आणि आवाज वाढवला तर माणूस डोक्याच्या आत बसून बोलतोय असं वाटतं. मला लगेच आई आठवली.

पहिल्या पगारात मी तसाच एक हेडसेट घेतला. मशीन आणि हेडसेट पिशवीत घालून नामपूरला गेलो. अण्णांच्या साध्या फोनला तो जोडताच येत नव्हता, पण इंटरनेटची वायर आमच्या गल्लीत आली होती. अडचण दुसरीच निघाली. नाशिकचं मशीन एका कंपनीचं, घरचं दुसऱ्या कंपनीचं. ती दोन्ही एकमेकांशी बोलत नाहीत. मित्राने एक फुकटचा खेळ शोधून दिला, ज्यात दोन्हीकडची माणसं एका मैदानात येऊन बोलू शकतात. खेळायचं नाही, नुसतं उभं राहायचं.

हेडसेट मी आधी नाशिकला नव्या मशीनवर नीट तपासला होता. त्याच्या माईकची दांडी तोंडासमोर येते. ती वर केली की माईक बंद होतो. नव्या मशीनला तो यूएसबीने जोडलेला असे, त्यामुळे दांडी वर केली की पडद्यावर लगेच खूण यायची. जुन्या मशीनला मात्र तो साध्या गोल पिनेने, खेळायच्या रिमोटच्या भोकात जोडावा लागे, आणि तसा जोडला की माईक बंद असल्याचं त्या मशीनला कळतच नसे. मला हे माहीत होतं. मी वाचलं होतं. तेव्हा त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही वाटलं नाही.

नामपूरला मी स्वतः आईच्या डोक्यावर हेडसेट बसवला, दांडी तिच्या ओठांसमोर आणली आणि नाशिकला मित्राला बोलायला सांगितलं. तो म्हणाला, "काकू, कशा आहात?" आईने माझ्याकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात कानांवर गेले.

"आयकू येस रे भाऊ," ती म्हणाली. "हाऊ तं कानमाच बोलस."

मित्र नंतर मला म्हणाला, "काकूंचा आवाज एकदम क्लिअर आहे." त्या दिवशी मला आपल्या शिक्षणाचा पहिल्यांदा खरा उपयोग झाला असं वाटलं. कॉलेजात मला शिकवणाऱ्या सरांनाही मी ही गोष्ट अभिमानाने सांगितली होती.

मग दर रविवारी दुपारी चार वाजता आम्ही त्या मैदानात भेटू लागलो. अण्णांनी दोनच बटणं पाठ केली होती. त्यांचा माणूस हिरव्या टेकडीवर उभा असे, माझा त्याच्या शेजारी.

"हाई वावर कोनं शे?" त्यांनी पहिल्या रविवारी विचारलं.

"कोणाचंच नाही अण्णा. खेळातलं आहे."

"मंग पडीत काबर शे?"

मित्र मागे बसून हसत होता. एकदा कोणी परका खेळाडू येऊन अण्णांच्या माणसाभोवती उड्या मारू लागला, तर अण्णा म्हणाले, "याले काही कामधंदा नही का?"

पाच-सात मिनिटं ते बोलत. कांद्याची आवक, पाऊस, माझं जेवण. मग म्हणत, "तुन्या आईले देस." आणि स्वतः उठून पाराकडे चक्कर मारायला जात. आईला एकटीला बोलू द्यावं, म्हणून.

आई बोलत नसे. कानावर नुसती शांतता येई. मी पहिल्या रविवारी विचारलं, "आई, माझा आवाज येतोय का?" ऑफिसात दिवसभर हेच वाक्य म्हणतो. उत्तर आलं नाही. मला वाटलं, ती लाजतेय. आयुष्यात ती कधी फोनवर बोलली नाही, आता यंत्रासमोर तिला सुचत नसेल. तिला ओशाळं वाटू नये म्हणून मीच बोलत राहिलो. ऑफिसचं सांगायचो, डब्यातल्या भाज्या सांगायचो. मध्येमध्ये, ती समोर बसली आहे असं धरून, म्हणायचो, "हो आई. बरं. बघू आपण. काळजी करू नको."

अण्णांना एकदाही विचारलं नाही, की आई गप्प का असते. विचारलं असतं तर एका वाक्यात सगळं उलगडलं असतं.

दिवाळीत घरी गेलो. घर पाहुण्यांनी भरलेलं. आई माझ्याकडे दोन-तीनदा बघत राहिली, मी काहीतरी बोलेन म्हणून वाट पाहिल्यासारखी. आईशी काही खासगी बोलायचं तर अख्खी गल्ली ऐकते, त्यामुळे समोरासमोर आमचं बोलणं नेहमी वरवरचंच. मी फराळाचा डबा घेऊन परत आलो.

संक्रांतीच्या सुमाराला अण्णांचा फोन आला, आई जेवत नाही, खंगली आहे. मी रजा टाकून गेलो. ती ओट्यावर बसली होती. माझी पिशवी पाहून उठली आणि तिच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाली, "उनास? मंग डॉक्टरकडे कव्हय जावानं?"

"कशासाठी?" मी ओरडून विचारलं.

"तुले सांगेल व्हतं ना मी. दर रविवारे सांगं. तू म्हने, बघू आपण."

अण्णा दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आईने मला आत नेलं आणि माझा हात धरून काखेजवळ ठेवला. छातीच्या कडेला गाठ होती. लिंबाएवढी. पोराला तोंडावर सांगता येत नाही अशी गोष्ट तिने दिवाळीच्या आधीपासून, दार लावून, त्या माईकमध्ये सांगितली होती. नवऱ्यालाही सांगितली नव्हती. मी घेऊन जाईन म्हणून ती थांबली होती.

तिचं बोलणं माझ्यापर्यंत का आलं नाही, ते मला कळेना. संध्याकाळी मी अण्णांना म्हणालो, "तुम्ही रविवारी कसं बोलता, जरा दाखवा." त्यांनी हौसेने दाखवलं. हेडसेट लावला, दोन बटणं दाबली, "असं बोलस," म्हणाले. मग काढला. गळ्यातल्या उपरण्याने माईकचं टोक काळजीपूर्वक पुसलं, दांडी टक करून वर केली, आणि आईपुढे धरला.

"ही दांडी वर कशाला करता?"

"तोंडशी ऱ्हास ना ती. उष्टी व्हस. तिले तशीच कशी देवानी?"

अण्णा तांब्याला कधी ओठ लावत नाहीत. मार्केटला एकाच माठावर सगळे पाणी पितात, तिथे तीच रीत. आपला श्वास लागलेली वस्तू दुसऱ्याच्या तोंडापाशी जाऊ नये, ती बाजूला करून, स्वच्छ करून द्यावी, हे त्यांच्या हाताला लागलेलं वळण होतं. आणि त्यांनी जशी दिली तशीच डोक्यावर घ्यायची, हे आईच्या. कान झाकलेले असत, त्यामुळे माझा आवाज तिला स्वच्छ यायचा. आपला जात नाही हे तिला कळायचं काही कारणच नव्हतं.

"काबर? काही चुकनं का?" अण्णांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी आईला नाशिकला आणलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी फाइल मिटून विचारलं, इतके दिवस का थांबलात. बाहेर बाकावर बसल्यावर फाइलमधल्या शेवटच्या कोऱ्या कागदावर मी आईला सगळं लिहून दिलं. ती चौथी शिकलेली. बोट फिरवत, ओठ हलवत तिने वाचलं. माझं अक्षर तिला वाचता येतं, मी पाटीवर गिरवायचो तेव्हापासूनचं.

"म्हंजे मी एकलीच बोलत व्हतू," ती म्हणाली. तिच्या परीने हळू, पण चार माणसांनी वळून पाहिलं. मग तिने तो कागद फाइलमधून फाडला, घडी घालून पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "त्यासले सांगू नको."

अण्णांना मी सांगितलं नाही.

आई माझ्या खोलीवर पाच महिने राहिली. मित्राने आपली खाट तिला दिली आणि स्वतः खाली झोपला, त्याचे उपकार फिटायचे नाहीत. रविवारी चार वाजता ती नव्या मशीनसमोर बसायची आणि मी स्वतः माईक तिच्या ओठांसमोर आणून जिन्यात जाऊन थांबायचो. तिचा मोठा आवाज जिन्यातही येई. ती अण्णांना विचारायची, दूध नासलं का, गाय कोण पिळतं. गाठीबद्दल ती बोलली नाही. जूनमध्ये ती गेली.

दहाव्याच्या दिवशी लोक पांगल्यावर अण्णा मला म्हणाले, "तुले सांगेल व्हतं तिनी. तुले येवाले टाइम नही व्हता." ते सगळंच खोटंही नव्हतं. इतके रविवार मी तिची शांतता म्हणजे लाज समजलो, आणि दर वेळी चार वाजून वीस मिनिटांनी मोकळा झालो. लोकांचं ऐकून घ्यायची नोकरी करणाऱ्या माणसाला हे जमायला हवं होतं. अण्णांच्या हाताने काय झालं हे त्यांना कळलं तर ते पुन्हा कोणाच्या हातात तांब्या देऊ शकणार नाहीत. त्यांनी मला दोषी धरलेलं आहे, ते मी तसंच राहू दिलं आहे.

अजूनही रविवारी ते त्या मैदानात येतात. टेकडीवर आमची दोन माणसं उभी राहतात. "जेवना का?" ते विचारतात. मी हो म्हणतो. आवक सांगतात. पूर्वीपेक्षा कमी बोलतात. मग "बरं" म्हणतात आणि हेडसेट काढतात. माझ्या कानात उपरण्याची खरखर येते. पुसतायत. मग टक. त्यांच्यानंतर आता घरात बोलणारं कोणी नाही, तरी ते दांडी वर करतात आणि मशीन लगेच बंद करत नाहीत. हेडसेट किती वेळ तसाच ठेवतात, कुठे ठेवतात, मला दिसत नाही. मी माझा हेडसेट काढत नाही. त्यांचा माणूस टेकडीवरून नाहीसा होईपर्यंत ती शांतता ऐकत बसतो, आणि मध्ये "बरं" म्हणत नाही.