फळीवरचं पान

वसमतला हट्ट्याच्या रस्त्यावर माझ्या नेहमीच्या पानवाल्याची टपरी आहे. गाडीच्या आवाजावरून तो गिऱ्हाईक ओळखतो आणि माणूस खाली उतरेपर्यंत त्याचं पान बांधून तयार ठेवतो. माझी गाडी वळणावर असतानाच माझं बिनतंबाखूचं पान लावायला घेतो. "आवाज आला की हात चालतो बघा, सर," हे वर. स्वतः मात्र पान कधी खात नाही.

त्या दुपारी टपरीसमोर गाडी लावून मी शेजारच्या दुकानात गेलो आणि धाडकन आवाज झाला. बाहेर येतो तर दरवाजा चेपलेला, काचा रस्त्यावर, ठोकणारा पसार. गाडीचा विमा संपलेला. ठोकणारा सापडला तरच भरपाई, नाहीतर भुर्दंड माझाच.

"कोण होता? माझा विमाही संपलाय."

"म्या न्हाई पाहिलं, सर."

"गाडी कोणती?"

"ध्यान नव्हतं. तुमी काहून तकलीफ करून घेता? विमा न्हाई म्हणल्यावर पोलीस तुमालाच दंड लावतील."

म्हणजे ठोकून पळणारा मोकळा आणि गुन्हेगार मी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गावभरच्या गाड्या ओळखणारे कान आजच बहिरे झाले?

तेवढ्यात फळीवर नजर गेली. तिथं तंबाखूचं एक पान बांधून तयार होतं. टपरीवर दुसरं कुणीच नव्हतं.

"हे कोणासाठी लावलं होतं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, पान उचललं आणि स्वतःच्याच तोंडात कोंबलं. मग फुगलेल्या गालाकडे बोट दाखवून, आता बोलता येत नाही, अशी खूण केली.