सेन्सरची किल्ली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून तर मला चोरून खाल्लेला मैसूरपाकसुद्धा लपवता येत नाही. पण हे सहा वर्षं लपलं.

मी म्हैसूरच्या एका कारखान्यात रोबोंची वर्कस्टेशन्स आखतो. रोबोचा हात कुठवर फिरेल, माणूस कुठे उभा राहील, माणसाचा हात चुकून आत गेला तर यंत्र कसं थांबेल — सगळं मीच ठरवतो. त्या थांबवणाऱ्या सेन्सरचा मला कोण अभिमान!

आयुधपूजेला आमच्याकडे प्रत्येक यंत्राला हार घालतात, रोबोलाही. त्या वर्षी झेंडूची माळ सेन्सरसमोर लोंबत होती आणि रोबो अडून बसला होता. मला तर साहेबांसमोर त्याच्याकडून नमस्कार करवून घ्यायचा होता! मी किल्ली फिरवून सेन्सर बंद केला. रोबो झकास वाकला, टाळ्या पडल्या. आणि किल्ली? — ती परत फिरवायला मी विसरलो.

सुट्टीनंतर काम सुरू झालं. त्या रोबोवर नागरत्नाम्मा असायच्या, कृष्णराजनगरहून रोज बसने येणाऱ्या, आमच्याकडच्या सगळ्यांत जुन्या. अडकलेला भाग काढायला त्यांनी नेहमीसारखा हात आत घातला. दोन बोटं गेली.

विसरलो, ती चूक होती. पुढचं मात्र चूक नव्हे. त्यांना दवाखान्यात नेत होते, तेव्हा मी गुपचूप किल्ली फिरवली. चौकशीत सेन्सर चालू सापडला. मी लिहिलं — कामगाराने सेन्सर चुकवून बाजूच्या फटीतून हात घातला. "अदु निल्ललिल्ल सार," त्या सांगत राहिल्या, ते थांबलंच नाही. कोण ऐकणार? यंत्र माझं, रिपोर्टही माझा. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्यांची नोकरी गेली.

याहून वाईट अजून सांगायचंय — सांगतो. जाताना त्या माझ्यापाशी आल्या, हात पदराखाली झाकून. माझ्यामुळे तुमच्या यंत्राचं नाव खराब झालं म्हणाल्या, आणि माफी मागितली. म्हणजे त्यांनाही ते खरं वाटू लागलं होतं! आणि मी — मी त्यांना माफ केलं.

लाज वाटते. पण नुसत्या लाजेने काय होतं? आज सकाळी खरी हकिकत लिहून, सही करून साहेबांच्या टेबलावर ठेवली. तीच कन्नडमध्येही लिहिली आहे, आणि आता मी कृष्णराजनगरच्या बसमध्ये बसलो आहे. त्या दार लावून घेतील, चपलेने मारतील — मारोत. चूक त्यांची नव्हती, हे मी त्यांच्या घरच्या सगळ्यांसमोर मोठ्याने वाचणार आहे.