उजेड कमी करणारी कळ

डोळ्याला सूज येऊन गेली आणि मला पडद्याचा उजेड सोसेनासा झाला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, लॅपटॉपचा उजेड कमी करा, नाहीतर मुद्रितशोधन सोडा. लग्न होऊन निर्मळ गावी आले तेव्हापासून मी घरबसल्या पुस्तकं तपासते. सासरच्या नारळाच्या वाडीतलं काम मला कधी जमलं नाही, हे एवढंच काय ते माझं स्वतःचं. आणि प्रुफं आता कागदावर येत नाहीत.

लॅपटॉपवर उजेडासाठी सूर्याचं चित्र असलेल्या दोन कळा होत्या. दाबल्या की पडद्यावरची पट्टी इमानेइतबारे खाली-वर व्हायची, उजेड मात्र ढिम्म. जुना लॅपटॉप रांगायला लागला म्हणून विरारच्या नणंदेनं त्यात लिनक्स नावाची हलकी प्रणाली टाकून दिली होती, तेव्हापासूनची ही तऱ्हा. मी गॉगल लावून स्वल्पविराम शोधत बसायचे. सासूबाई म्हणाल्या, "घरात एवढं ऊन कुठून आलं गं?" मला हसूही आलं नाही.

शेवटी नणंदेनं फोनवरून एक ओळ सांगितली. लॅपटॉप सुरू होताना वाचतो त्या फाईलमध्ये ती घालायची होती. मी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं, तेवढं तरी मला येतं.

"झालं, वहिनी. आता फक्त रीस्टार्ट मारा."

मी झाकण लावलं, उघडलं. कळ दाबली. काही नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. नणंद म्हणाली, "आता मला पण नाही सुचत काही." तिच्यावर चिडले, मग स्वतःवर, आणि प्रकाशकांना नकार कळवायचं ठरवलं.

त्याच दुपारी नारळाची झावळी तारेवर पडून वीज गेली. बॅटरी संपली, लॅपटॉप पार विझला. हेच राहिलं होतं, म्हटलं. संध्याकाळी वीज आली. लॅपटॉप चालू करून नकार लिहायला बसले, सवयीनं कळ दाबली आणि पडदा हळूच मंद झाला.

मी पुन्हा दाबली. आणखी मंद. नणंदेला फोन लावला. तिनं उलट मलाच विचारलं.

"वहिनी, लॅपटॉप पूर्ण बंद कधी केला होतात?"

"आठवत नाही बाई."

आमच्याकडे वीज कधी दगा देईल सांगता येत नाही. पुन्हा सुरू होताना कामाचं काही उडालं तर, या धास्तीनं मी तो कधी बंदच करत नाही, नुसतं झाकण लावते. रीस्टार्टलाही तेवढं पुरेल असं मी धरून चालले होते. पण झाकण लावलं की तो नुसता झोपतो, नवी ओळ वाचतच नाही. नणंद फोनवर हसत सुटली. हसू दे म्हटलं.

मी एक पान वाचलं, मग दुसरं. डोळ्याला पाणी आलं नाही, कपाळ ठणकलं नाही. इतकं सुटल्यासारखं वाटलं की स्वयंपाकाची वेळ टळून गेली तरी उठवेना. प्रकाशकांना लिहिलं, पुढचं पुस्तक पाठवा. ते जाडजूड आहे, झेपेल ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जाडच पाठवा.