डोळे आखणारा हात

ब्रशचं टोक आधी डाव्या अंगठ्याच्या नखावर टेकवायचं, एक रेघ ओढून बघायची, मग श्वास रोखायचा आणि गणपतीचे डोळे आखायचे. त्या वेळी कुणी शिंकलं तरी भाऊ त्याच्याशी दिवसभर बोलायचे नाहीत.

कल्याणात आमच्या चाळीला लागूनच त्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे काय हो, पत्र्याची लांब शेड. दर हंगामाला मी तिथे मूर्तींचे दागिने रंगवायला जायची. बाकी सगळं सगळेजण करायचे, डोळे मात्र फक्त भाऊ. त्यांचा मुलगा अठ्ठावीस वर्षांचा झाला, लग्न झालं, तरी त्याची धाव सोंडेपर्यंतच. त्याने ब्रश मागितला की भाऊ मान वर न करता म्हणायचे, "हात कच्चा आहे."

एकदा मी चिडून म्हटलं, "अहो भाऊ, अजून किती पिकायचाय तो?"

"माझ्या वडिलांनी मला चाळिशीपर्यंत ब्रश दिला नव्हता. त्यांना मोतीबिंदू झाला, तेव्हा कुठे दिला."

"वाईट नाही वाटलं तुम्हाला?"

"रडायचो. म्हणून तर हात बसला."

हे सांगताना तोंडावर काय तो अभिमान! मला तर संतापच आला. स्वतः रडलेल्या माणसाला कळायला नको? तुम्हीच सांगा.

मग एका वर्षी चतुर्थी आठवड्यावर आलेली आणि भाऊ तापाने फणफणले, दवाखान्यात ठेवावं लागलं. गिऱ्हाईकं दारात उभी. शेवटी मुलानेच ब्रश घेतला आणि दोन दिवसांत बारा मूर्तींचे डोळे आखले. खोटं कशाला बोलू, शेडमध्ये कुठेही उभं राहा, देव आपल्याकडेच बघतोय असं वाटायचं. मी कानशिलावर बोटं मोडून त्याची दृष्ट काढली.

"मावशी, बाबांना आवडतील ना?" एवढंच त्याने विचारलं.

तिसऱ्या दिवशी भाऊ आले. सगळ्या मूर्तींसमोरून एकदा फिरले. मुलगा भिंतीला टेकून उभा. भाऊंनी पांढऱ्या रंगाचा डबा उघडला आणि एकेक करत बाराही मूर्तींचे डोळे बुजवले. चौथ्या मूर्तीला मुलगा बाहेर पडला आणि नळावर हात धुवायला लागला.

"अहो, काय चुकलंय त्यात?" मी ओरडलेच.

"चुकलं काहीच नाही. माझ्यापेक्षा बरे आहेत," भाऊ म्हणाले. "पण लवकर मिळालं की माज येतो."

मी तेव्हाच धावत नळावर जाऊन त्याला हे सांगायला हवं होतं. नाही गेले. समोर कामाचा ढीग पडलेला. तो तसाच घरी गेला, पुन्हा कारखान्यात आला नाही. आता घोडबंदर रोडला कुठल्याशा ऑफिसात असतो.

यंदा आषाढात भाऊ गेले. शेडमध्ये नऊ मूर्ती रंगून तयार, फक्त डोळे राहिलेले. तेराव्यानंतर मी मुलाला बोलावून घेतलं, ब्रश हातात दिला. म्हटलं, "बस रे आता, कोण अडवणारे तुला?"

तो बसला. अर्धा तास मूर्तीकडे बघत राहिला.

"नाही जमणार, मावशी. माझा हातच तसा नाहीये."

"अरे, मी बघितलेत तू आखलेले डोळे!"

"चांगले असते तर बाबांनी बुजवले असते का?"

मग मी त्याला भाऊंचं ते बोलणं सांगितलं, शब्दन् शब्द. इतक्या वर्षांनी. तो हसला.

"बाबा असं कधी म्हणणारच नाहीत," तो म्हणाला. "माझी समजूत नको काढूस."