साल्मे वन्सं आणि आंद्रुसचं नाव

माझी नणंद साल्मे. सत्तरी कधीच उलटली, पण साइडकारची मोटारसायकल अशी हाणतात की बेटावरच्या कोंबड्या आधीच रस्ता सोडतात. आमच्या किह्नू बेटावर सगळं बायकाच करतात, कारण पुरुष घरी असतात कधी? आमचा एस्टोनिया मोठा हुशार देश. मत द्या, कर भरा, औषधाची चिठ्ठी काढा, सगळं घरबसल्या फोनवर. पण गवंड्याला पोटापुरता पगार मिळेल तर शपथ! म्हणून पोरं फिनलंडमध्ये दुसऱ्यांची घरं बांधतात, नाहीतर नॉर्वेच्या मासेमारी बोटींवर जातात. मागे मेंढ्या, ट्रॅक्टर, टपाल, चर्चची घंटा, सगळं आमच्या गळ्यात.

साल्मे वन्सं विणकर. बेटावरच्या निम्म्या बायकांच्या अंगावरचे लोकरी पट्ट्यांचे घागरे त्यांच्या मागावरचे. घरात सुख असेल तर घागरा लाल. माणूस गेलं की काळानिळा. मग वर्षं जातील तसतसा लाल पट्टा हळूहळू परत येतो. त्यामुळे कुणाला काही विचारावं लागत नाही, घागरा बघायचा आणि त्याप्रमाणे बोलायचं.

वन्संच्या सुनेचा, पिरेतचा घागरा मात्र लालभडक होता आणि तिच्याशी काय बोलावं हे कुणालाच कळत नव्हतं. फेब्रुवारीत नॉर्वेजवळ तिच्या नवऱ्याची, आंद्रुसची बोट बुडाली. बाकीचे सापडले, तो सापडला नाही. पिरेतचे काळे घागरे पेटीत तयार होते. वन्संनी पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या गळ्यात अडकवली.

"सापडलाय का तो? नाही ना? मग काळं कशाला नेसतेस, अवदसे!"

पोरगी धड विधवा नाही, धड सवाष्ण नाही. दुकानात शिरली की बायका पिठाच्या पिशव्यांकडे बघायच्या. मला इतका राग यायचा! पण वन्संपुढे बोलायची कुणाची टाप?

एकदा पिरेतने मला अंगणात ओढून नेलं. "मामी, मुरीकडे बघा." मुरी त्यांची कुत्री. फाटकापाशी उभी होती, शेपूट हलवत, मान वर करून, कुणीतरी कान खाजवत असावं तशी. फाटकात कुणी नव्हतं. "रोज संध्याकाळी असंच चालतं," पिरेत म्हणाली. "तो फाटकापर्यंत येतो. पुढे येत नाही."

"वारा असेल गं," मी म्हटलं. वारा नव्हता.

मग नोव्हेंबर आला, आमच्याकडचा मेलेल्यांचा महिना. या दिवसांत मोठ्याने बोलायचं नाही, चरखा चालवायचा नाही, लाकडं फोडायची नाहीत. एका संध्याकाळी त्यांच्यासाठी न्हाणीघर तापवायचं, स्वच्छ पंचा ठेवायचा, टेबलावर जवाची लापशी, डुकराचं मटण आणि घरची बिअर मांडायची. घरची मोठी बाई दार उघडून एकेकाला नावाने हाक मारते. त्यांचं जेवण झालं की पुन्हा एकेकाचं नाव घेऊन त्यांना निरोप देते. माझा नवरा आर्वेत वन्संचा भाऊ, म्हणून तोही तिथेच जेवतो. जिवंतपणी तरी माझ्या हातचं कुठे आवडायचं त्याला!

चारलाच अंधारून आलं होतं. वन्सं दाराशी गेल्या, तशी पिरेत त्यांची वाट अडवून उभी राहिली.

"आई, आज त्याचं नाव घ्या."

"जिवंत माणसाला मेलेल्यांच्या पंगतीला बोलवू? मी नाव घेतलं की तो मेला. माझ्या तोंडाने मेला."

"आणि नाही घेतलं तर? जिवंतांत त्याला येता येत नाही, मेलेल्यांत कुणी बोलवत नाही. थंडीत फाटकाशी उभा आहे तो! मुरीला दिसतो आणि तुम्हाला, आईला, दिसत नाही?"

वन्संनी तिला बाजूला सारलं. आईवडिलांना हाक मारली. मग नवऱ्याला, युहानला. मग माझ्या आर्वेतला. मग दाराची कडी धरून तशाच उभ्या राहिल्या. थंडी आत येत होती. मला वाटलं, झालं, आता दार लावणार.

"आंद्रुस," त्या म्हणाल्या, इतक्या हळू की मला जेमतेम ऐकू आलं. "ये बाळा. जेवायला ये."

फाटकाशी मुरी वळली. धावली नाही. कुणाच्यातरी पावलाला पाऊल लावत, वर बघत, सावकाश चालत आली. उंबरा ओलांडून शेगडीजवळच्या खुर्चीपाशी गेली आणि खुर्चीच्या पायाशी नीट वेटोळं करून झोपली.

आणि पिरेत रडली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, हंबरडा फोडून. वन्संनी गळ्यातली किल्ली काढून तिच्या हातात दिली. काळा घागरा नेसून ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पुन्हा माणसाचा दिसत होता. मीही रडले. सुटली एकदाची पोर, असं वाटलं.

मेणबत्ती अर्धी झाल्यावर वन्सं उठल्या. "आई, बाबा, जेवलात, आता आपल्या वाटेने जा. युहान, जा, शेतातलं पीक तुडवू नकोस. आर्वेत, जा." आणि त्यांनी दार लावलं.

"आई," पिरेत म्हणाली, "एक राहिला."

"जेवतोय अजून," वन्सं म्हणाल्या आणि कडी घातली.

तेव्हापासून मुरी फाटकाकडे फिरकत नाही. घरात रोज तीन ताटं. निरोप द्यायचा तो घरच्या मोठ्या बाईनेच, पिरेतने स्वतः त्याला 'जा' म्हणून पाहिलं, काही उपयोग नाही. आता ती न्हाणीघरात झोपते. "गादीची त्याची बाजू रोज ओली होते, मामी," ती म्हणाली. "वाळली की मिठाने पांढरी पडते. माझं प्रेम होतं हो त्याच्यावर. पण मला भीती वाटते."

शेवटी नाताळाच्या आधी मी तणतणत वन्संकडे गेले. शेगडीजवळच्या खुर्चीत बसणार, तोच त्या म्हणाल्या, "तिथे नको गं हेल्वी, तो बसलाय."

"वन्सं, पुरे झालं! पोरगी वाळून चाललीय तुमची. म्हणा ना त्याला, जा!"

त्या लापशी ढवळत राहिल्या. "त्याला नॉर्वेला जायचं नव्हतं," त्या म्हणाल्या. "बॅग भरलेली आणि हा इथे बसून. म्हणे, आई, या खेपेला नको वाटतंय. मी म्हटलं, बायकोला काय खायला घालणार? जा. गेला मुकाट्याने." त्यांनी एक ताट त्या खुर्चीपुढे ठेवलं. "माझ्या तोंडून तो शब्द पुन्हा निघायचा नाही, हेल्वी."

मी भांडायला गेले होते, तशीच परत आले. संध्याकाळी माझ्या लेकाचा, रैवोचा फोन आला. बंदरावर होता, फिनलंडची बोट लागली होती, मागे माणसांचा गलका ऐकू येत होता.

"आई, निघू ना गं?" त्याने विचारलं.

दरवेळी विचारतो. दरवेळी मी 'जा' म्हणते; आज म्हटलं, "जेवलास का रे?"